पुरुषांसाठी मानसिक आरोग्याचे कार्यक्रम वेगळे का आखावे लागतात?

गॉटलंड हे बाल्टिक समुद्रातील स्वीडनचे बेट. तिथे १९८३-८४ मध्ये सर्व फॅमिली डॉक्टरांना नैराश्य कसे ओळखायचे आणि त्यावर उपचार कसे करायचे, याचे प्रशिक्षण देण्यात आले. पुढच्या काळात बेटावरील आत्महत्या कमी झाल्या. मात्र स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे करून पाहिल्यावर लक्षात आले, की ही घट प्रामुख्याने स्त्रियांमध्ये होती. पुरुषांच्या आत्महत्यांवर जवळपास काहीच परिणाम झालेला नव्हता.

कारण असे, की हे पुरुष डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नव्हते. आरोग्य यंत्रणेपेक्षा पोलीस आणि समाजकल्याण विभागालाच ते जास्त माहीत होते. यातूनच पुढे पुरुषांमधील नैराश्य तपासणारी 'गॉटलंड मापनश्रेणी' तयार झाली. तिच्यात उदासीबरोबरच चिडचिड, आक्रमकपणा, झोप, दारूचे वाढलेले प्रमाण आणि स्वतःला कामात गाडून घेणे याबद्दलही विचारले जाते. थोडक्यात, 'रडू येते का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा माणूस बरा आहेच असे नाही.

भारतातले चित्र काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यात १,२२,७२४ पुरुष होते, म्हणजे दर दहांत सात. सर्वाधिक २२,७४६ नोंदी महाराष्ट्रातल्या होत्या. देशभरातील एकूण आत्महत्यांपैकी चारात एकापेक्षा जास्त व्यक्ती रोजंदारीवर काम करणाऱ्या होत्या. कार्यक्रम आखणाऱ्यांसाठी ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळी चालते आणि तिथे जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा माणसाला 'मन मोकळे करा' असे सांगणारे पोस्टर कितीही सुंदर असले तरी उपयोगाचे नाही.

अर्थात, स्त्रियांचा मानसिक त्रास कमी आहे असा याचा अर्थ नाही. जगभर नैराश्याचे निदान स्त्रियांमध्ये जास्त होते. दोघांची त्रास व्यक्त करण्याची आणि मदत मागण्याची वाट वेगळी असते, एवढाच मुद्दा आहे.

गोव्यातील प्रयोग

याचे सर्वात बोलके उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यातील 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये दोन समुपदेशन पद्धतींची चाचणी घेतली. एक नैराश्यासाठी होती आणि दुसरी घातक प्रमाणात दारू पिणाऱ्यांसाठी. नैराश्याच्या चाचणीत सहभागी झालेल्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया होत्या. दारूसंबंधीची चाचणी फक्त पुरुषांची होती आणि तिच्यात ३७७ जण होते. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य नागरिक होते. जास्तीत जास्त चार बैठकी घ्यायच्या होत्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जणांचे पिणे घातक पातळीच्या खाली आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होते.

दहा टक्क्यांचा फरक छोटा वाटेल. पण ज्या पुरुषाने 'मला डिप्रेशन आहे' असे कधीच म्हटले नसते, तो दारूच्या प्रश्नावरून बोलायला बसला, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

ऑस्ट्रेलियातील 'मेन्स शेड' चळवळीनेही अशीच आडवाट निवडली. निवृत्त किंवा एकटे पडलेले पुरुष एका शेडमध्ये जमतात, सुतारकाम करतात, जुनी यंत्रे दुरुस्त करतात. समोरासमोर बसून न बोलणारे पुरुष शेजारी उभे राहून काम करताना बोलतात, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे पार, तालीम, भजनी मंडळ किंवा रिक्षा स्टँड या जागा आधीपासूनच आहेत. नवी इमारत बांधण्याआधी तिथे कोण आणि किती वाजता बसते, हे पाहणे स्वस्त पडेल.

कुठे चुकते?

'खरा मर्द मदत मागतो' अशा घोषणा लक्ष वेधतात, पण त्या मर्दपणाची जुनी चौकट मजबूतच करतात. ज्याला मदत मागणे जमले नाही, तो या घोषणेनुसार पुन्हा कमी पुरुष ठरतो. दुसरी चूक उलट दिशेची. सगळा दोष 'पुरुष बोलत नाहीत' यावर टाकायचा आणि कर्ज, बेरोजगारी, घरच्या जबाबदाऱ्या यांबद्दल मौन पाळायचे. कर्जाने त्रासलेल्या शेतकऱ्याशी बोलणाऱ्या समुपदेशकाला पीकविमा आणि बँकेच्या कागदपत्रांचीही थोडी माहिती हवी.

आणखी एक नाजूक बाब म्हणजे घरातील हिंसा. पुरुषाचा ताण समजून घेताना त्याच्या मारहाणीला ते निमित्त मिळता कामा नये. 'मावा' ही मुंबईतील संस्था १९९३ पासून तरुण मुलग्यांशी मर्दानगी आणि हिंसा यांबद्दल बोलत आली आहे. मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमांना अशा कामाशी जोडून घेता येते. नाही तर पत्नीवरच 'त्याला सांभाळून घे' अशी आणखी एक जबाबदारी येऊन पडते.

केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन (१४४१६) १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. रांगेत कोणी ओळखीचे भेटेल ही भीती फोनवर नसते, रजाही टाकावी लागत नाही. अशा कोणत्याही सेवेचे मूल्यमापन करताना मात्र गॉटलंडची गोष्ट आठवायला हवी. एकूण किती लोकांनी लाभ घेतला हा आकडा पुरेसा नाही. त्यात पुरुष किती, ते कोणत्या वयाचे आणि कामाचे, आणि पहिल्या बोलण्यानंतर दुसऱ्यांदा किती जण परतले, हे वेगळे मोजावे लागते.