ऑक्सफर्डच्या दुकानदाराचं शिंगरू

डॅन मेसनर कापडाचा व्यापारी होता. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, बेंटन काउंटीतल्या ऑक्सफर्ड गावात त्याचं दुकान होतं. गाव एवढंसं, भोवती मक्याची शेतं, आणि दुकानावर गिऱ्हाइकं यायची ती आसपासच्या शेतकऱ्यांची. तागे मोजून द्यायचे, उधारी लिहायची, हंगाम आला की वसूल करायची, असा त्याचा दिवस जाई. त्याने १८९० च्या दशकात एक लंगडी घोडी विकत घेतली आणि तिच्या पोटी जे शिंगरू जन्मलं ते पुढे अमेरिकेतलं सर्वांत प्रसिद्ध जनावर ठरलं. त्या घोड्यावर पुस्तकं आहेत, सिनेमा आहे. त्यांत मेसनर येतो तो पहिल्या दोन-चार पानांत, आणि मग कथा त्याला मागे टाकून पुढे निघते. मला हे पटत नाही.

माझे वडील मिरज स्टेशनवर तांगा हाकायचे. घोडं विकत घेताना ते आधी पाय बघत, मग दात, आणि किंमत सगळ्यांत शेवटी. मागच्या पायात खोड असलेल्या जनावराच्या दारातही ते उभे राहिले नसते. आता मुलीकडे लाफायेटला येऊन राहतो. ऑक्सफर्ड इथून तासाभराच्या आत आहे. तिथली हकीकत समजली तेव्हापासून मी मेसनरचा विचार वडिलांच्या नजरेने करतो.

घोडीचं नाव झेलिका. लिलावात तिला २५५ डॉलर पडले. लंगडत असल्याने शर्यतीच्या उपयोगाची ती उरली नव्हती. कापड विकणाऱ्या माणसाने असलं जनावर घरी आणलं म्हणून गाव हसलं, असं सांगतात. मेसनर तेवढ्यावर थांबला नाही. जो पॅचन नावाचा, त्या काळी देशभर नाव असलेला काळा घोडा इलिनॉय राज्यातल्या शबान्स गावी होता. तिथे नेऊन घोडी भरवून घ्यायला त्याने आणखी १५० डॉलर मोजले. म्हणजे जितक्याला घोडी घेतली, त्याच्या निम्म्याहून जास्त पैसे एका फळण्यासाठी! धंद्याच्या हिशेबात हे बसत नाही. पण जनावराची पैदास करणारा माणूस तसा हिशेब करतच नाही. चांगलं रक्त एकदा घरात आलं पाहिजे, एवढंच तो बघतो.

त्या रक्ताला अमेरिकेत मोठी परंपरा होती. हे गाडीला जुंपून पळवायचे घोडे. पाठीवर स्वार नाही, मागे दोन चाकांची हलकी गाडी, सल्की, आणि तीत बसलेला हाकणारा. जो पॅचन हा हॅम्बलटोनियन या घोड्याच्या वंशातला. हॅम्बलटोनियन १८४९ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मला. राइसडिक नावाच्या शेतगड्याने तो आणि त्याची आई मिळून १२५ डॉलरला घेतली आणि त्यातून तो श्रीमंत झाला. पुढे १८७९ मध्ये नियम ठरला की एक मैल २ मिनिटं ३० सेकंदांत धावणाऱ्या दुडक्या चालीच्या घोड्याला वंशावळीच्या नोंदीत जागा मिळेल. त्या ठरलेल्या दर्जावरूनच या जातीला स्टँडर्डब्रेड म्हणतात.

यातल्या काही घोड्यांची चाल दुडकी नसते. एका बाजूचे पुढचा-मागचा दोन्ही पाय एकदम उचलायचे, मग दुसऱ्या बाजूचे. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात ज्या रेवाळ चालीच्या घोड्याभोवती गर्दी जमते, तिच्या जातकुळीतली ही चाल. फरक वेगाचा. चाल मोडू नये म्हणून बऱ्याच घोड्यांच्या पायांना चामड्याचे पट्टे घालतात. मेसनरच्या घोड्याला ते कधी लागले नाहीत.

२९ एप्रिल १८९६ ला शिंगरू झालं. मागचा डावा पाय सांध्यात वाकडा. उभं राहता येईना, म्हणून धरून उभं करून आईला पाजावं लागलं. अशा शिंगराचं काय करतात हे घोडेवाल्यांना सांगायला नको. मेसनरने ते ठेवलं. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत मोठा निर्णय हाच, आणि त्याच्यामागे पैशाचा मोह असणं शक्य नव्हतं, कारण पैसा दिसतच नव्हता. त्याने बापाच्या नावातला तुकडा घेऊन आपलं नाव त्याला जोडलं. डॅन पॅच.

पुढची चार वर्षं म्हणजे धीराची गोष्ट. गावात जॉन वॉटल्सची भाड्याच्या घोडागाड्यांची पागा होती. शिंगराला वळण लावायचं काम त्याने पत्करलं. त्या काळी दोन-तीन वर्षांच्या घोड्यांनाही शर्यतीला उतरवत. डॅन पॅच चौथं वर्ष ओलांडेपर्यंत एकदाही उतरला नाही. पायात बळ यायला वेळ दिला. वाकडा पाय तर सुटला नव्हताच. धावताना तो बाहेरच्या बाजूला फेकला जाई आणि सल्कीच्या चाकावर आपटे. १८९२ पासून सायकलची हवेची चाकं लावलेल्या सल्की आल्या होत्या आणि वेग एकदम वाढला होता, पण त्यातली नेहमीच्या रुंदीची गाडी या घोड्याला चालेना. म्हणून जास्त रुंद गाडी घेतली. नालबंदाने त्या पायाच्या बेताने नाल घडवले. दोन गोष्टी, दोन्ही साध्या. पण त्यासाठी कुणीतरी रोज पागेत उभं राहून पाय कसा पडतो हे बघावं लागतं. खरारा करणाऱ्याच्या हाताला आणि चंदी घालणाऱ्याच्या डोळ्यालाच ते कळतं.

१९०० च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या बॉसवेलच्या जत्रेत तो पहिल्यांदा धावला आणि जिंकला. त्याच वर्षी लाफायेटला एक फेरी हरला, पण शर्यत जिंकली. त्या काळात एका शर्यतीत मैलाच्या अनेक फेऱ्या असत. पुढल्या वर्षी मायरन मॅकहेन्री या नामांकित हाकणाऱ्याच्या हाती तो देशातल्या मोठ्या मैदानांवर उतरला. फेऱ्या गेल्या असतील, पूर्ण शर्यत तो आयुष्यात कधी हरला नाही.

आणि मग मेसनरच्या दुसऱ्या एका घोडीला, लेडी पॅचला, विष घातलं गेलं आणि ती मेली. पुढचा नंबर कुणाचा हे दुकानदाराला कुणी सांगायची गरज नव्हती. १९०२ मध्ये त्याने डॅन पॅच न्यूयॉर्कच्या स्टर्जिसला २०,००० डॉलरला विकला. वर्ष संपायच्या आत स्टर्जिसने तो मिनियापोलिसच्या मॅरियन सॅव्हेजला ६०,००० ला दिला. लोक इथे हळहळतात. मेसनरने वाट पाहिली असती तर! मला हळहळ वाटत नाही. पागेत रात्री झोपायला माणूस ठेवूनही ज्याला झोप लागत नाही, तो मालक राहून करणार काय? घोडा जिवंत राहावा एवढंच त्याला हवं असावं, असं मला वाटतं.

सॅव्हेज जनावरांचं खाद्य विकायचा, आणि जाहिरात कशी करायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पांढऱ्या रेल्वे डब्यातून त्याने घोडा गावोगाव फिरवला. सिगार, स्टोव्ह, धुलाई यंत्रं, घसरगाड्या, सगळ्यावर डॅन पॅचचं नाव आलं. त्याच्याशी धावायला कुणी घोडा आणेना, म्हणून तो घड्याळाविरुद्ध धावू लागला. १९०५ मध्ये लेक्सिंग्टनला १ मिनिट ५५ १/४ सेकंद, आणि ८ सप्टेंबर १९०६ ला मिनेसोटाच्या राज्य जत्रेत १ मिनिट ५५. तो विक्रम शर्यतींच्या संघटनेने मान्य केला नाही, कारण पुढे वारा अडवणारी गाडी आणि सोबत पळणारे घोडे होते. सोबत्यांशिवाय ती वेळ गाठली बिली डायरेक्टने, १९३८ मध्ये. ११ जुलै १९१६ ला डॅन पॅच गेला आणि दुसऱ्या दिवशी सॅव्हेजही. सॅव्हेजच्या नावाने मिनेसोटात गाव आहे.

ऑक्सफर्डमध्ये मेसनरची पागा अजून उभी आहे. छपरावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: डॅन पॅच १:५५. संघटनेने नाकारलेला तो आकडा गावाने मान्य केला, याचा मला आनंद आहे. सप्टेंबरमध्ये गावात घोड्याच्या नावाने उत्सव असतो.

डॅन पॅचची पिलं त्याच्या तोडीची निघाली नाहीत, आणि त्याचा नरवंश पुढे चालला नाही. आजचे वेगवान घोडे हॅम्बलटोनियनच्या दुसऱ्या शाखांमधून आले. नोंदवहीत मात्र एक रकाना असतो, घोडी भरवली तेव्हा ती ज्याच्या दावणीला होती त्याचा. मालक बदलले तरी तो बदलत नाही. डॅन पॅचच्या नोंदीत मालक तीन झाले, पैदास करणारा एकच, ऑक्सफर्डचा डॅन मेसनर.