कुड्याची साल

कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्ष आषाढातील मेघाचे स्वागत करतो, ते कुड्याच्या ताज्या फुलांनी. हा प्रसंग ज्या रामगिरीवर घडला, तो नागपूरजवळचा रामटेक की छत्तीसगडातील सरगुजा भागातला रामगड, याविषयी विद्वानांचे एकमत नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी रामटेकचा पक्ष घेतला. निर्णय काहीही होवो, कुडा मात्र दोन्हीकडच्या रानांचा रहिवासी आहे. ज्या दिवसांत मेघ येतात, त्याच दिवसांत नद्यानाल्यांचे पाणी गढूळ होते आणि पोटाचे विकार घरोघर शिरतात. कवीने ज्या झाडाची फुले वेचली, त्याच झाडाची साल वैद्याने काढ्यासाठी नेली.

रायपूरच्या भोवतालच्या मुलखात या झाडाला ‘कोरैया’ म्हणतात. संस्कृतात तो ‘कुटज’ आणि त्याचे बी म्हणजे ‘इंद्रजव’. चरक आणि सुश्रुत या दोघांच्याही ग्रंथांत अतिसारावर कुटजाची योजना आढळते, आणि कुटजारिष्ट तर अजूनही वैद्यांच्या कपाटात असते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली १७४१ साली छत्तीसगडात उतरल्या. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला. त्यांच्यामागून अनेक मराठी कुटुंबे या प्रदेशात आली. महाराष्ट्रात ‘कुडा’ म्हणून ओळखीचे असलेले झाड त्यांना येथे ‘कोरैया’ या नावाने पुन्हा भेटले.

१८१७ साली बंगालमधील जेसोर भागात पटकीचा भयंकर उद्भव झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बुंदेलखंडात तळ देऊन असलेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या सैन्यात तिने हाहाकार उडवला आणि पुढच्या वर्षी ती नागपूरकडे सरकली. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांचा वरचष्मा झाला होता. १८१८ मध्येच कर्नल अ‍ॅग्न्यू यांनी छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलवले. राज्यकर्ते बदलले, राजधानी बदलली. परंतु पटकीचे कारण नव्या राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते आणि जुन्यांनाही नव्हते. लोक मरीआईला नवस बोलत, साहेब दूषित हवेला दोष देत. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यास सिद्ध केला, तो १८८४ साली.

युरोपीयांना कुड्याची ओळख मात्र त्यापूर्वीच झाली होती. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात आवेवर मलबारचे वैद्य देत असलेल्या एका वनस्पतीची हकीकत आहे. अभ्यासकांच्या मते ती कुडाच होय. अठराव्या शतकात ही साल ‘कोनेसी’ या नावाने युरोपात पोहोचली, तिची वाहवा झाली आणि थोड्याच काळात तिच्यावरचा विश्वासही उडाला.

असे का व्हावे? याचे उत्तर रानात गेल्यावाचून मिळत नाही. पांढऱ्या कुड्यासारखेच दिसणारे दुसरे झाड म्हणजे काळा कुडा. दोघांनाही चीक आहे, दोघांनाही पांढरी फुले आहेत, दोघांच्याही शेंगा लांब आणि जोडीने लोंबतात. पण पांढऱ्या कुड्याच्या शेंगा एकमेकींपासून सुट्या असतात, काळ्याच्या टोकांशी जुळलेल्या. एकाचे इंद्रजव कडू, दुसऱ्याचे गोडे. व्यापाऱ्यांनी दोन्ही साली एकाच पोत्यात भरल्या. काळ्या कुड्याच्या सालीत तो गुण नाही म्हटले तरी चालेल. पण रोगी बरा झाला नाही, तेव्हा दोष पांढऱ्या कुड्याच्या कपाळी आला. नाव चुकले की औषध चुकते, आणि औषध चुकले की शास्त्राची अब्रू जाते.

१८५८ साली मुंबईतील डॉक्टर हेन्स यांनी कुड्यातून एक अल्कलॉइड वेगळे केले. त्यालाच पुढे ‘कोनेसीन’ हे नाव मिळाले. विसाव्या शतकात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा यांनी कुड्याची आधुनिक पद्धतीने परीक्षा केली. तोवर आवेचे दोन प्रकार वेगळे झाले होते: एक अमीबा या सूक्ष्म प्राण्याने होणारी, दुसरी १८९७ साली जपानच्या कियोशी शिगा यांनी शोधलेल्या जंतूमुळे होणारी. कुड्याचा प्रभाव मुख्यत्वे पहिलीवर दिसून आला. एकाच नावाच्या दोन झाडांनी जसा घोटाळा केला, तसाच एकाच नावाच्या दोन रोगांनीही केला होता.

मग जंतूंवर वनस्पतींचा इलाज चालतो की नाही? दारुहळदीच्या मुळातील पिवळे बर्बरीन भारतीय डॉक्टरांनी १९६० नंतरच्या दशकात पटकीच्या रोग्यांना देऊन पाहिले. बांगलादेशात झालेल्या आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र असे आढळले, की विष तयार करणाऱ्या ई. कोलाय जंतूंच्या जुलाबांत त्याचा लाभ स्पष्ट होतो. पटकीत तो अगदी थोडा. कच्च्या बेलफळाची कथा याहून बोधप्रद आहे. मुंबईतील फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली बेलाच्या काढ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या सहा जंतूंवर त्यांनी तो तपासला, त्यांपैकी एकही मेला नाही. तथापि जंतूंची पेशींना चिकटण्याची आणि आत शिरण्याची शक्ती घटली, आणि पटकीच्या विषाची पेशीवरील पकडही ढिली झाली. शत्रूला ठार न करता त्याचे शस्त्र काढून घेण्यासारखाच हा प्रकार होय. पटकीचे जंतू विषाच्या द्वारे आतड्यातील पाणी बाहेर ओढतात, हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशांवरील प्रयोगांतून दाखवले होते; त्या शोधावाचून बेलाच्या या गुणाचा अर्थच लागला नसता.

हे सारे प्रयोगशाळेतील यश आहे. जुलाबाचा रोगी दगावतो तो अंगातील पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनवीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवले. कुडा, बेल किंवा दारुहळद त्या पाण्याची जागा घेऊ शकत नाहीत. त्याच्या सोबतीने मात्र त्यांना काम आहे. जुनी जंतुनाशके निष्प्रभ ठरू लागलेल्या या काळात जंतूला न मारता निःशस्त्र करणाऱ्या औषधांचा शोध जगभर चालू आहे, आणि त्या शोधाची एक वाट रानातून जाते.

२००० साली छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी. येथील रानांतून झाडपाल्याची औषधे आजही बाजारात येतात. भोवताली साल काढलेला कुडा वाळून जातो. एका अंगाची थोडी साल घेतली तर झाड जगते. हे साल काढणाऱ्याला माहीत असते, आणि पांढरा कुडा कोणता, काळा कोणता, हेही प्रथम तोच ओळखतो. प्रयोगशाळेतील काचेच्या नळीत पोहोचणारी साल त्याच्याच हातून निघालेली असते. त्याचे ज्ञान आणि त्याचे रान टिकले, तरच पुढच्या संशोधकाच्या हाती योग्य साल पडेल.