टाळं कोणी लावलं?

2020 साली 'लॉकडाऊन' हा शब्द वाडीवस्तीपर्यंत पोचला. वर्तमानपत्रांनी त्याला 'टाळेबंदी' म्हटलं. पण टाळेबंदी हा मराठी शब्द गिरणी-कारखान्यांत आधीपासून होता, आणि तिथे त्याचा अर्थ 'लॉकआउट'.

इंग्रजीत 'लॉक' म्हणजे कुलूप लावणे, 'आउट' म्हणजे बाहेर. दोन्ही मिळून क्रिया झाली, कुणाला बाहेर ठेवून कुलूप लावण्याची. मग तेच शब्द जोडून त्या प्रकाराला नाव पडलं. आपण दवाखान्यात चेकअपला जातो, एसटीचा ब्रेकडाऊन होतो, ती नावंही अशीच तयार झालेली. बोलण्यातून आलेली, पण काही थेट कायद्यात जाऊन बसली.

संपात काम कामगार थांबवतात, लॉकआउटमध्ये मालक. आयर्लंडमधल्या डब्लिन शहराचा 1913 चा लॉकआउट गाजलेला आहे. युनियन सोडतो असं लिहून द्या, नाहीतर बाहेर, अशी मालकांची अट. सुमारे 20 हजार कामगार बाहेर पडले. जेकब्स बिस्किट कारखान्यातल्या बायकांना युनियनचा बिल्ला काढायला सांगितलं. त्यांनी काढला नाही. त्यांच्यातल्या रोझी हॅकेटची नोकरी गेली ती गेलीच. डेलिया लार्किन आणि इतर बायकांनी युनियनच्या इमारतीत उपाशी कुटुंबांसाठी चूल पेटवली. पुढाऱ्यांच्या भाषणांइतकीच ती चूलही मोलाची, असं आम्हाला वाटतं. 1914 च्या सुरुवातीला भुकेपुढे लढा मोडला. पुढे शंभर वर्षांनी, 2014 साली, डब्लिनच्या नदीवरच्या एका पुलाला रोझीचं नाव मिळालं.

आपल्याकडे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'लॉकआउट'ची व्याख्या आली आणि 1953 साली 'ले-ऑफ'ची. कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बंद पडलं, म्हणून मालक काम देऊ शकत नाही, तो ले-ऑफ. यात हजेरीपटावर नाव राहतं, आणि जे कामगार नियमात बसतात त्यांना मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. कायमचं काढलं तर ती 'कपात', तिची भरपाई वेगळी.

गेटवर मात्र सगळ्याला एकच म्हणतात, "काम बंद, उद्यापासून येऊ नका." बातम्यांतही आता कायमचं काढण्याला सर्रास ले-ऑफ म्हणतात. म्हणून कारखान्यात जाणाऱ्या लेकीसुनांनी तिथल्या तिथे विचारावं: हजेरीपटावर नाव आहे की कापलं? आणि उत्तर कागदावर मागावं.