नाताळची पेटी

दर नाताळात जालन्यात एका ख्रिस्ती मित्राच्या घरी आम्ही दोस्त जमतो. पियानो नाही, मधोमध पेटी, भोवती आम्ही. तो मराठी गीतं म्हणतो, आम्ही सूर धरतो. यंदा एकाने विचारलं, "सर, तुमचं तिथं काय काम?"

मी बेथेलची गोष्ट सांगितली. जालन्याजवळचं हे ख्रिस्ती गाव नारायण शेषाद्रींनी वसवलं. जन्माने ब्राह्मण, १८४३ साली ख्रिस्ती झालेले. तेव्हा इथं निजामाचं राज्य. जमीन दिली दिवाण सालारजंगांनी, म्हणजे एका मुसलमानाने. पेटीचंही तसंच. जन्म पॅरिसचा, पण आज भजनात वाजते, कव्वालीतही, चर्चमध्येही.

म्हटलं, "भाऊ, आमचं तिथलं काम जुनंच आहे."