पट्टा मिळाल्यानंतरचे महिने

विजेत्या बॉक्सरने वर्षात किती वेळा लढावे, यावर वाद घालण्याआधी एका कारकिर्दीच्या तारखा नीट मांडून पाहाव्यात. विजेंदर सिंगच्या व्यावसायिक लढतींच्या नोंदी आणि पंचांची गुणपत्रके उपलब्ध आहेत. त्यांतली दोन निर्णायक ठिकाणे, वरळी आणि पणजी, पनवेलकराला ओळखीची आहेत. एक खाडीपलीकडे, तर दुसरे पनवेलहून निघणाऱ्या ६६ क्रमांकाच्या महामार्गावर.

१० ऑक्टोबर २०१५ला मँचेस्टरमध्ये पहिली लढत झाली. १३ मे २०१६पर्यंत, म्हणजे सुमारे सात महिन्यांत, विजेंदर सहा वेळा रिंगमध्ये उतरला आणि सहाही प्रतिस्पर्धी पूर्ण फेऱ्या टिकले नाहीत. १६ जुलैला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये त्याने केरी होपला दहा फेऱ्यांत हरवले आणि डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक पट्टा जिंकला. गुणपत्रके सांगतात: ९८-९२, ९८-९२, १००-९०. आधीच्या लढतीला तेव्हा दोन महिने झाले होते.

पट्टा आला आणि तारखा विरळ झाल्या. पुढची लढत पाच महिन्यांनी, डिसेंबरात, फ्रान्सिस चेकाशी झाली. त्यानंतरची साडेसात महिन्यांनी, ५ ऑगस्ट २०१७ला वरळीच्या एनएससीआयमध्ये, चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीशी. ती विजेंदरने जिंकली आणि दुसरा पट्टाही मिळवला. त्या रात्रीची गुणपत्रके मात्र सावकाश वाचावी लागतात: ९६-९३, ९५-९४, ९५-९४. दहा फेऱ्यांत कुणी खाली पडले नाही, तर दोघांच्या गुणांची बेरीज एरवी १९० होते. इथे ती तिन्ही पत्रकांवर १८९ आहे, कारण कंबरेखालच्या ठोशांबद्दल झुल्पिकारचा एक गुण कापला गेला. तो परत धरला, तर दोन पंचांकडे ९५-९५ अशी बरोबरी दिसते आणि लढतच अनिर्णित ठरते. विजेंदरचा पट्टा त्याच्याकडेच राहिला असता, दुसरा मिळाला नसता. मैदानात जल्लोष झाला, सीमेवरच्या तणावामुळे पट्टा परत करण्याची उदार भाषाही झाली. त्या एका गुणाची चर्चा व्हायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

साडेसात महिन्यांच्या खंडामुळेच असे झाले, असे म्हणता येणार नाही. झुल्पिकार तरुण होता, चिवट होता. पण पुढच्या तारखा शंका वाढवतात. २३ डिसेंबर २०१७ला जयपूर, आणि मग २०१८ पूर्ण कोरे. अमेरिकेच्या टॉप रँकशी करार झाला, दक्षिण दिल्लीतून लोकसभेची निवडणूक झाली, आणि रिंग पुन्हा दिसली ती १३ जुलै २०१९ला नेवार्कमध्ये. नोव्हेंबरात दुबईची लढत झाली. मग महासाथीसह जवळपास सोळा महिने गेले. १९ मार्च २०२१ला पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर, २६ वर्षांच्या आर्तिश लोपसानने ३५ वर्षांच्या विजेंदरला पाचव्या फेरीत थांबवले. बारा विजयांनंतरचा हा पहिला पराभव.

उलट टोकही नोंदींत आहे. जो लुईने १९४१च्या जानेवारी ते जून या काळात दर महिन्याला एक, अशा सहा वेळा जगज्जेतेपद पणाला लावले. सहाव्या खेपेला बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर दोन गुणपत्रकांवर पुढे होता. तेराव्या फेरीत लुईने त्याला पाडले म्हणून पट्टा वाचला. आपल्याकडे जत्रांच्या हंगामात पैलवान एकामागून एक फड गाजवतात, पण ते माप इथे लावू नये. कुस्तीत पाठ जमिनीला लागते. बॉक्सिंगमध्ये मार डोक्याला बसतो आणि मेंदूला सावरायला वेळ हवाच.

म्हणून माझे मत वर्षाला तीन लढतींचे आहे, चार-चार महिन्यांच्या अंतराने. लढत लांबली आणि कठीण गेली, तर दोन. एकीखाली मात्र जाऊ नये. सराव कितीही कडक असला, तरी आपल्याला पाडायलाच आलेल्या माणसासमोरचे अंतर आणि वेळ यांचा अंदाज फक्त खऱ्या लढतीत शाबूत राहतो. शिवाय तिशी ओलांडलेल्याची वाया गेलेली वर्षे परत येत नाहीत.

या मताविरुद्ध जाणारी एक नोंद आहे, ती लपवू नये. पणजीनंतर आणखी सतरा महिने थांबून, १७ ऑगस्ट २०२२ला, विजेंदरने रायपुरात घानाच्या इलियासू सुलेला दुसऱ्याच फेरीत गारद केले. पण ती दोन फेऱ्यांचीही पूर्ण परीक्षा नव्हती. वरळीसारख्या दहा फेऱ्या त्या दिवशी खेळाव्या लागल्या असत्या तर काय झाले असते, हे रायपूरच्या निकालावरून ठरवता येत नाही.