अंगणाचा कायदा : डहाणू-तलासरीचा धडा

मराठी माणसाच्या मनांत घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. ओटी, पडवी, अंगण आणि परसू मिळून घर पुरें होतें. त्यांतहि अंगण हें सर्वस्वी आपलें, अशी सामान्य समजूत असते. बागेंत फरशी घालावी, चार खांब रोवून वर छप्पर टाकावें. त्यांत सरकारास विचारावयाचें तें काय, असें अनेकांस वाटतें. पालघर जिल्ह्यांतील डहाणू व तलासरी ह्या दोन तालुक्यांचा इतिहास पाहिला म्हणजे ह्या प्रश्नाचें उत्तर मिळतें.

ह्या कथेचा आरंभ सारावसुलींत आहे. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या जमिनींत विहीर खणण्याची व शेतीच्या उपयोगाचें घर बांधण्याची मोकळीक दिली. परंतु तीच जमीन शेतीखेरीज अन्य कामीं लावावयाची तर कलेक्टरची परवानगी आवश्यक ठरविली. सरकारची दृष्टि साऱ्यावर होती, शेजाऱ्याच्या उजेड-वाऱ्यावर नव्हती. वाडींतलें घर शेतीचें कीं केवळ राहण्याचें, हा भेद तेव्हांपासूनचा आहे. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमांत तो पुढेंहि कायम राहिला.

त्याच वर्षीच्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानें आणखी एक पाऊल टाकलें. जमिनीवर वा जमिनीखालीं केलेलें बांधकाम, तसेंच इमारतींत वा जमिनींत केलेला महत्त्वाचा बदल, ह्या सर्वांस 'विकास' ही एकच संज्ञा मिळाली. घराच्या आंतील दुरुस्तीस कायद्यानें सूट दिली. घराचें बाहेरचें रूप पालटणाऱ्या कामास दिली नाहीं. नव्या पडवीचा प्रश्न अशा रीतीनें नगररचनेचा प्रश्न झाला.

डहाणूस मात्र याहूनहि निराळें स्थान प्राप्त झालें. औष्णिक वीजकेंद्राची योजना आल्यावर चिकूच्या बागा, खाड्या आणि वारल्यांचीं वनें यांचें भवितव्य काय, ही चिंता तेथें उत्पन्न झाली होती. 19 फेब्रुवारी 1991 रोजीं केंद्र सरकारनें सबंध देशाच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या जमिनीवर निर्बंध घातले. पुढें चारच महिन्यांनीं, 20 जून रोजीं, डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. कारखान्यांसाठीं साऱ्या तालुक्यांत मिळून 500 एकरांची मर्यादा ठरली. सभोंवार 25 किलोमीटरांचा संरक्षक पट्टा आंखला गेला, आणि लगतची तलासरी त्या पट्ट्याच्या छायेंत आली. घरमालकाच्या दृष्टीनें त्यांतील दुसरें एक कलम अधिक महत्त्वाचें होतें. विद्यमान जमीनवापरावर आधारलेला आराखडा करावा, त्यांत हिरवीं क्षेत्रें, फळबागा व आदिवासी क्षेत्रें दाखवावीं आणि त्यांचा वापर बदलूं देऊं नये, असें त्यांत सांगितलें होतें.

कागदावरील नियम आपोआप अंमलांत येत नाहींत. बिट्टू सहगल यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयास 31 ऑक्टोबर 1996 रोजीं निर्णय द्यावा लागला. त्यानुसार डिसेंबरांत निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालें. पुढें 2 डिसेंबर 2020 रोजीं राज्यासाठीं एकत्रित विकास नियंत्रण नियमावली निघाली, तेव्हांहि पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झालेले प्रदेश तिच्यांतून वगळण्यांत आले. नाशिकच्या बंगल्यास जो नियम लागू, तोच डहाणूच्या वाडीस लागू असेल असें गृहीत धरणें म्हणूनच धोक्याचें आहे.

मोकळ्या जागेचें खरें मोल मात्र निसर्गानें शिकविलें. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले. 1 फेब्रुवारी 2019 रोजीं 4 हून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. घरांच्या भिंतींस तडे गेले. बाहेर धांवतांना पडून एका लहान मुलीचा मृत्यू झाला. ऐन थंडींत कुटुंबेंच्या कुटुंबें तंबूंत आणि उघड्यावर झोपूं लागलीं. कारवीच्या कुडाचें, शेणामातीनें लिंपलेलें वारली घर हलकें असतें. जड विटांची बेबंद भिंत आणि तिच्या माथ्यावरचें ओझें मात्र अशा वेळीं जिवावर उठतें. त्या रात्रीं घरापुढची मोकळी जागा हाच लोकांचा आसरा होता. ज्या अंगणावर जड छत चढलें, तें अंगण आसरा देऊं शकत नाहीं.

ह्या भागांत बागेंत फरसबंदी ओटा घालूं इच्छिणाऱ्या गृहस्थानें प्रथम सातबाऱ्यावर जमीन कोणत्या प्रकारची आहे तें पाहावें. नंतर नगरपरिषदेच्या हद्दींत नगरपरिषदेकडे, बाहेर महसूल अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. समुद्र वा खाडी जवळ असल्यास भरतीरेषेपासूनचें अंतर निश्चित करून घ्यावें. छप्पर हलकें ठेवावें, बाहेर पडण्याची वाट अडवूं नये, आणि झाडांच्या मुळाशीं पाणी मुरण्यास जागा सोडावी.

1879 च्या कायद्यानें सरकारचा सारा राखला, 1966 च्या कायद्यानें गांवाची रचना राखली आणि 1991 च्या घोषणेनें बागा व वनें राखलीं. अंगण मोकळें राखल्यानें माणसांचे प्राणहि राखले जातात, हें डहाणू-तलासरीच्या लोकांनीं त्या थंडीच्या रात्रींत अनुभविलें.