गिरण्यांतील दुखापतींचे दप्तर

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सूत कातू लागली, तेव्हापासून मुंबईत रुईच्या गाठी किती आल्या, सूत किती रवाना झाले आणि भागीदारांना शेकडा काय नफा वाटण्यात आला, याचा हिशेब मोठ्या कसोशीने राखला गेला. परंतु त्याच गिरण्यांच्या पट्ट्यांत आणि दंतचक्रांत सापडून किती बोटे, किती हात आणि किती जीव गेले, याची मोजदाद ठेवावी असे राज्यकर्त्यांना, मालकांना किंवा शहरातील प्रतिष्ठितांना सुमारे पाव शतकभर वाटले नाही. प्राणघातक अपघातांविषयीचा एक कायदा १८५५ पासून अस्तित्वात होता खरा, आणि दुसऱ्याच्या कसुरीने मृत्यू आल्यास मृताच्या वारसांना दिवाणी दावा लावण्याची मुभा त्याने दिली होती. पण रत्नागिरीकडील एखाद्या खेड्यात बसलेल्या साचेवाल्याच्या विधवेने मुंबईच्या न्यायालयात गिरणीमालकाची कसूर शाबीत करावी, अशी अपेक्षा बाळगणारा कायदा तिच्या दृष्टीने नसल्यासारखाच होता.

मुंबई सरकारने १८७५ मध्ये नेमलेले कमिशन हा या विषयातील पहिला सरकारी शोध होय. कमिशनच्या बहुसंख्य सभासदांना कायद्याची आवश्यकता वाटली नाही. समाजसुधारक सोराबजी शापुरजी बंगाली यांनी मात्र हा प्रश्न सोडला नाही आणि १८७८ मध्ये स्वतः एक मसुदा तयार केला. त्याच काळी लँकेशायरच्या कारखानदारांनीही हिंदुस्थानातील गिरण्यांना कायद्याने वेसण घालावी म्हणून विलायतेत जोर लावला होता, आणि त्यांच्या कळवळ्यात व्यापारी मत्सराचा अंश मोठा होता, हे आपल्याकडील वृत्तपत्रांनी ओळखले ते यथार्थच होते. तथापि ज्याचा हात यंत्रात जाणार होता त्याला कायद्यामागील हेतूच्या शुद्धाशुद्धतेपेक्षा यंत्राभोवतीच्या कठड्याशी अधिक कर्तव्य होते. १८८१ चा कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या कारखान्यांना लागू झाला; सात वर्षांखालील मुलांना त्याने कामावरून दूर केले, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली, धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्यास सांगितले आणि अपघाताची वर्दी देणे मालकावर बंधनकारक केले. दुखापतींच्या दप्तराचे पहिले पान ते हेच.

पण त्या पानावर काय लिहिले जात होते? अपघात झाला, अमुक दिवशी झाला, अमुक खात्यात झाला, इतकेच. ज्याला अपघात झाला त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारण्याची जागाच त्या वर्दीत नव्हती. तो प्रश्न ज्यांनी विचारला ते नारायण मेघाजी लोखंडे सरकारी अंमलदार नव्हते, वैद्यही नव्हते. ते सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक होते. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज त्या वेळच्या कारखाना कमिशनपुढे गेला, त्यात आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार यांच्याबरोबरच एक कलम असे होते की, कामावर जबर दुखापत झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पुरे वेतन मिळावे, आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची योग्य तजवीज व्हावी. माझ्या मते हे कलम केवळ मागणी म्हणून वाचणे म्हणजे त्याचा अर्धा अर्थ गमावणे होय. बरा होईपर्यंत वेतन द्यावयाचे म्हटले की तो बरा कधी झाला हे कोणीतरी पाहिले पाहिजे. जन्माचे अपंगत्व ठरवावयाचे म्हटले की वैद्याने ते तपासून लिहून दिले पाहिजे. म्हणजे अपघाताच्या क्षणावर न थांबता माणसाचा मागोवा घेणारी नोंद त्या निरक्षरप्राय सह्यांनी मागितली होती. सरकारला तिथवर पोचायला आणखी चाळीस वर्षे लागली.

मधल्या काळातील कायद्यांचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी पदरात पडली, १८९१ मध्ये कायद्याची कक्षा रुंदावली, १९११ मध्ये कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाचे तास बारा ठरले. तपासनीस वाढले, तक्ते वाढले. परंतु ते तक्ते एकमेकांशी बोलत नव्हते. तपासनिसाचे दप्तर एकीकडे, पोलिसांचा मरणान्वेषणाचा कागद दुसरीकडे, आणि रुग्णालयातील केसपेपर तिसरीकडे.

या विस्कळीतपणाला पहिला छेद मुंबई सरकारने १९२१ साली स्थापन केलेल्या लेबर ऑफिसने दिला. जी. फिंडले शिरास हे त्याचे पहिले डायरेक्टर. सप्टेंबर १९२१ पासून त्या कचेरीचे ‘लेबर गॅझेट’ निघू लागले, आणि मजुरीचे दर, धान्याचे भाव, संपांची यादी व कारखान्यांतील अपघात या बाबी प्रथमच एका जिल्दीत शेजारी शेजारी आल्या. त्याच वेळी डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या स्त्रीवैद्याने गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतीविषयी केलेली चौकशी १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. कामकरी स्त्रियांच्या शंभरांतील ९८ अर्भकांना अफू दिली जाते, हा त्यातील निष्कर्ष आजही वाचवत नाही. आईला पाळीवर जायचे तर मूल निजले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ होता. गिरणीच्या दाराशी थांबणाऱ्या तपासनिसाला हे कधीच दिसले नसते. वैद्याची दृष्टी आणि आकडेशास्त्राची शिस्त एकत्र आल्यावर कायद्याला कशी चालना मिळते, हे १९२९ च्या मुंबई प्रसूतीलाभ कायद्याने दाखविले. त्या मसुद्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कौन्सिलात पाठिंबा दिला होता.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली मंजूर होऊन १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. त्याच्या पहिल्या परिशिष्टात मानवी देहाची जी फर्द मांडली होती ती वाचताना अंगावर काटा येतो: उजवा हात कोपरापासून वा वर गेल्यास मिळकतीची क्षमता शेकडा ७० नष्ट, डावा गेल्यास ६०, एका डोळ्यास ३०, अंगठ्यास २५, तर्जनीस १०, इतर कोणत्याही बोटास ५. तुटलेला धागा निमिषार्धात सांधणाऱ्या हाताचे एक बोट म्हणजे त्या माणसाच्या कसबाचा विसावा हिस्सा, असे कोणत्या कातणाराने कबूल केले असते? तरीसुद्धा, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो, या निष्ठुर कोष्टकाने दुखापतींना प्रथमच समान परिमाण दिले. त्याआधी ‘गंभीर’ आणि ‘किरकोळ’ हे शब्द लिहिणाऱ्याच्या मर्जीवर होते; आता मुंबईतील अंगठा आणि कानपूरमधील अंगठा एका मापाने मोजला जाऊ लागला. भरपाई दिलेल्या दुखापतींचे वार्षिक विवरण मालकांनी पाठवावे, अशी तरतूदही त्यात होती.

कायद्याच्या अंमलानंतर अपघातांचे आकडे फुगले, आणि गिरण्या अधिक घातक झाल्या काय अशी शंका काहींनी घेतली. वस्तुतः पुष्कळशी वाढ ही पूर्वी न लिहिलेले आता लिहिले जाऊ लागल्याची होती. लपविण्याच्या वाटाही राहिल्याच. पहिल्या दहा दिवसांच्या असमर्थतेस मूळ कायद्यात भरपाई नव्हती, त्यामुळे आठ दिवस घरी बसलेला माणूस या दप्तरात आलाच नाही. मृत्यूची वर्दी तपासनिसाकडे जाई, पण भरपाईच्या कमिशनरला तिचा पत्ता लागेलच असे नव्हते. ही गाठ १९३३ च्या दुरुस्तीने मारली आणि अशी वर्दी ज्याने द्यावयाची त्याने सात दिवसांत कमिशनरलाही अहवाल पाठवावा असे ठरविले. दोन कचेऱ्यांमधील हे एवढे टपाल सुरू व्हायला पहिल्या कायद्यापासून बावन्न वर्षे लागली! शिवाय किती माणसांत किती अपघात, हे सांगावयाचे तर माणसांची संख्या हवी. आणि बदली कामगारांच्या रोज पालटणाऱ्या हजेरीवरून ती काढणे किती कठीण होते, हे मस्टर चाळणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. जायबंदी माणूस कोकणात गावी निघून गेला की तो आकड्यांतूनही गेला.

रोगांची कथा याहून दुःखद आहे. अपघाताला तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतात. रुईच्या धुळीला यांपैकी काहीच नसते. १९२३ च्या कायद्याने धंद्यामुळे होणारे रोग म्हणून मुळात तीनच मानले, काळपुळी, शिशाची विषबाधा आणि फॉस्फरसची विषबाधा. ज्या खात्यांत रुई फोडली आणि पिंजली जाई तेथील माणसाचा खोकला त्यांत बसत नव्हता. चाळीत त्याला दमा म्हणत, दवाखान्यात कधी क्षयाचा संशय घेत.

डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये नेमलेल्या, द. वा. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने देशभरच्या उद्योगांची पाहणी केली. १९४५ मध्ये कारखानाविषयक मुख्य सल्लागाराची कचेरी निघून ब्रिटिश तपासणी खात्यातले सर विल्फ्रिड गॅरेट तेथे आले. १९४८ च्या कारखाना कायद्याने ४८ तास काम बंद पाडणाऱ्या प्रत्येक दुखापतीची वर्दी सक्तीची केली, आणि परिशिष्टातील रोग आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य तपासनिसास कळविलेच पाहिजे, न कळविल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड, असे कलम घातले. कलम चांगले होते. परंतु धंद्याची चौकशी न करता खोकल्याचे औषध देणाऱ्या डॉक्टरला आपण काय कळवावयाचे होते हेच उमगत नसे.

रुईच्या धुळीने जडणाऱ्या बिसिनोसिसची खूण विलक्षण आहे. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती आवळते आणि पुढे एकदोन दिवसांत सैल पडते. व्याधी मुरली की मग कोणताच दिवस मोकळा राहत नाही. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी याच लक्षणावर रोगाच्या पायऱ्या बसविल्या. जेथे ठरलेला सुटीचा दिवस नाही, तेथे परतण्याचा दिवसही वेगळा ओळखू येत नाही. म्हणून लोखंड्यांनी मिळविलेला रविवार हा मुंबईच्या गिरण्यांत या रोगाच्या निदानाचाही एक आधार ठरला, याचे मला फार मोल वाटते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी पुढे गिरणी कामगारांच्या छातीच्या ज्या तपासण्या केल्या, त्यांत हा सोमवारचा प्रश्न असेच.

१९६६ हे वर्ष या इतिहासात ठळक आहे. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेच्या वास्तूचे उद्घाटन, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना आणि अहमदाबादेत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा आरंभ, हे तिन्ही त्याच वर्षी झाले. शीवला कारखान्यांतील पाहण्या, अहमदाबादेस वैद्यकीय संशोधन, सिमल्याच्या लेबर ब्यूरोत आकड्यांचे संकलन आणि कामगार राज्य विमा योजनेकडे आजारपणाचे दाखले, अशी कामाची वाटणी झाली. पण कामगाराचा गिरणीतील तिकीट नंबर, त्याचा विम्याचा नंबर आणि रुग्णालयातील केसपेपरचा नंबर यांचा मेळ घालण्याचे काम यांपैकी कोणाकडेही सोपविलेले नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि पिंजण खात्यात उमेदीची वर्षे काढलेली माणसे मस्टरवरून उतरून कोकणात, घाटावर पांगली. वर्दी द्यावी असा मालकच ज्यांना उरला नव्हता, त्यांच्या छातीची नोंद गावच्या दवाखान्यात दमा म्हणून झाली.